वाचून न दाखवलेला कागद

मंगळवार, ४ मार्च

दूध गॅसवर, डबा अर्धा भरलेला, आणि मी त्यांच्या शर्टाचं वरून तिसरं बटण लावत होते. ते आंघोळ करून बनियनवर उभे. केसांतून पाणी गळतंय आणि विचारतात, शर्ट मिळणार आहे की असाच पंपघरावर जाऊ? मी म्हटलं, जा की, पाण्याला कुठे लाज असते. ते हसले. मी दातांनी दोरा तोडला. तेवढ्यात दूध उतू गेलं. ते गेल्यावर ओटा पुसला, कपडे भिजवले, जिना झाडला, झाडू आपटून दाराआड ठेवला. त्या सकाळी विशेष काहीच झालं नाही. म्हणून तीच आठवते. विशेष दिवस काय, सगळ्यांनाच आठवतात.

येत्या नऊ तारखेला त्यांना जाऊन अकरा महिने होतील.

ही वही मोठ्या ताईंनी दिली. त्या आमचं केंद्र चालवतात. म्हणाल्या, "रोज चार ओळी लिहा. कामाच्या, मनाच्या, कशाच्याही. मी बघणार नाही." केंद्रात नवीन बायकांना असंच तयार करत असावेत. बाकी कोणाला वही दिलेली मात्र दिसली नाही.

केंद्र म्हणजे दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या. ज्या घरांचं गाडं अडलंय त्या घरांत आम्ही पाचजणी जातो. कोणाचं मूल शाळेत जात नाही, कोणाला अर्ज भरता येत नाही, कोणाची तरणी पोरगी दिवसदिवस अंथरुणातून उठत नाही. जाऊन बसायचं, ऐकायचं, काय करता येईल ते करायचं आणि कागद लिहायचा. कागदाचा नियम एकच. ज्या घराबद्दल लिहिलं, त्या घराला तो आधी वाचून दाखवायचा. त्यांनी सही केली की मग फाईलीत. मोठ्या ताई म्हणतात, "पाठीमागे बोलतात ते शेजारी. आपण तोंडावर लिहितो."

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन माझं मी शिकले. ते वाचनालयातून आठवड्याला एक पुस्तक आणायचे. शब्द अडला की मी त्यांना विचारायची. त्यांनाही येत नसे. मग दोघं मिळून अंदाज करायचो. आता माझ्या हातचं लिहिलेलं फाईलीत लागतं. हे बघायला ते हवे होते.

गुरुवार, ६ मार्च

गुरुवार म्हणजे मोठ्या ताई चहाला. दहा महिन्यांत एक गुरुवार चुकला नाही. सुरुवातीला तर येऊन नुसत्या बसायच्या, काम काय ते सांगायच्याच नाहीत. सहाव्या खेपेला म्हणाल्या, केंद्रात माणूस हवंय, याल का? एवढ्याशा गोष्टीसाठी दीड महिना चहा प्यायल्या. स्वभाव संकोची. अजूनही आल्या की झोप लागते का, जेवण काय केलं, असं विचारत फळीवरचे डबे न्याहाळतात. त्यांच्या स्वयंपाकघराची आबाळ होत असणार, बिचाऱ्या.

केंद्राच्या भिंतीवर भेटींचा तक्ता आहे. गुरुवारच्या रकान्यात आमच्याच इमारतीचा नंबर आहे. पुढे दर आठवड्याची हिरवी खूण. खालच्या मजल्यावरचं जोडपं असणार, रोज भांडतात. मी विचारलं नाही. एका घरचं दुसऱ्या घरी न्यायचं नाही, हाही नियमच.

आज मला नवीन घर दिलं. शाळेतून चिठ्ठी आली आहे की तेरा वर्षांची मुलगी महिनाभर गैरहजर. आई लॉन्ड्रीत, हॉस्पिटलच्या चादरी धुते. पाठची एक मुलगी पाच वर्षांची. बाप दुसरीकडे कुठेसा राहतो. कुठे, ते त्याचं त्याला ठाऊक.

शुक्रवार, ७ मार्च

आज सकाळी दहाला गेले. तिसरा मजला, अरुंद जिना, दाराला बाहेरून कुलूप. परत फिरणार तर आतून बारीक आवाज आला, "आई कामाला गेली. आम्हाला उघडता येत नाही." मग थोरलीने तिला गप्प केलं आणि विचारलं, "सरकारी ऑफिसातून आलात का?" मी म्हटलं, नाही गं, केंद्रातून. ती म्हणाली, "मग तेच."

समोरचं दार सताड उघडं. आत एक म्हातारे आजोबा शिलाई मशीनवर बॅगांच्या चेन बदलत बसलेले. माझ्याकडे टक लावून बघत होते. मी विचारलं, यांची आई कधी येते? म्हणाले, "मशीनचा आवाज आहे, ऐकू येत नाही." मशीन बंद होतं. मला अशी चीड आली. दोन पोरी समोर कुलपात आणि शेजारी बसलेत चेन बसवत. माणसं अशी का होतात?

दुपारी दोनला पुन्हा गेले. आई आली होती. पहाटे पाच ते एक तिची शिफ्ट. हात पाण्याने पांढरे पडून सुरकुतलेले. खुर्चीवर बसून तिने माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं दिली आणि चौथ्याच्या मध्येच झोपली. बसल्या बसल्या, वाक्य अर्धं टाकून. थोरलीने तिच्या मानेखाली अलगद उशी सरकवली, रोजचंच असल्यासारखी. मला म्हणाली, "उठवू नका ना." मलाही उठववलं नाही.

जिन्यात बसून कागद लिहिला. "घराला बाहेरून कुलूप. आत दोन मुली, पहाटे पाच ते दुपारी एक. शेजाऱ्यांचं लक्ष नाही. थोरली शाळेत जात नाही." चार वाक्यं, चारही खरी. शुक्रवारी चारला फाईल बंद होते. मोठ्या ताई कसल्या शिबिराला गेल्यात. सहीच्या जागी 'सही नंतर' लिहिलं आणि कागद ठेवला. सोमवारी वाचून दाखवीन.

सोमवार, १० मार्च

केंद्रातले कारकून आज म्हणाले, "मावशी, तुमच्या कागदात एक शब्द जास्त नसतो." दिवसभर जमिनीवर पाय नव्हते. काल अकरा महिने झाले, काल काही लिहवलं नाही. आज मात्र हे सांगायला म्हणून त्यांच्या खुर्चीकडे वळलेसुद्धा.

लॉन्ड्रीवालीकडे जायचं राहिलं. एका बाळंतिणीला दवाखान्यात न्यावं लागलं. उद्या जाते.

गुरुवार, १३ मार्च

मंगळवारी गेले नाही. बुधवारीही नाही. आज तीच केंद्रात आली.

लॉन्ड्रीचा ओला एप्रन तसाच अंगावर, हातात पत्र. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. विचारलं, "मावशी, हे तुम्ही लिहिलंत?"

बालकल्याण कार्यालयाचं पत्र होतं. मुलींना कुलपात ठेवलं जात असल्याचं समजलं, एकवीस तारखेला बैठक, दोघींना बालगृहात ठेवायचं का ते तिथे ठरेल. मुलं कुलपात असं कागदात आलं की नक्कल त्याच दिवशी कार्यालयात पाठवावी लागते. कारकुनांनी सही न बघता पाठवली. ते बिचारे पुन्हा पुन्हा म्हणाले, चूक माझी. चूक त्यांची अर्धी. मूळ माझीच.

ती खुर्चीत बसलीच नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दाराची आतली कडी दोन महिन्यांपूर्वी तुटली. मालक आज करतो, उद्या करतो. दार वाऱ्याने उघडतं. एकदा धाकटी जिना उतरून थेट रस्त्यावर पोचली, तेव्हा तिने कुलूप आणलं. किल्ली समोरच्या आजोबांच्या गळ्यात दोरीत असते. ते पहाटे पाचला आपलं दार उघडून मशीनपाशी बसतात ते ती येईपर्यंत. दोन्ही मुलींना लागेल तेव्हा उघडून देतात. तिनेच त्यांना बजावलं होतं की हातात कागद घेऊन कोणी आलं तर एक अक्षर बोलायचं नाही. आणि थोरलीची शाळा बुडते ती धाकटीपायी. बालवाडी फक्त शिफ्टच्या वेळात, न्यायला-आणायला कोणी नाही, आजोबांना जिना चढवत नाही.

"वाचून दाखवलं असतंत तर हे तेव्हाच सांगितलं असतं," ती म्हणाली. "आजोबांनी मला दिलेला शब्द पाळला. तुम्ही तुमचा नाही पाळलात."

तिच्या एप्रनचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. ती गेल्यावर मी पुसून घेतलं.

शुक्रवार, १४ मार्च

मोठ्या ताईंना म्हटलं, मी हे काम सोडते. त्या म्हणाल्या, सोडून गेलात तर कागद दुरुस्त कोण करणार? पुढे म्हणाल्या, केंद्राच्या नावाने दुरुस्तीचं पत्र पाठवू, त्यात तुमचं नाव घालायची गरज नाही. कारकुनांना तेही पटेना. त्यांचं म्हणणं असं की वाचून न दाखवता कागद ठेवतो हे एकदा कबूल केलं की कार्यालय आपला एकही कागद मानणार नाही. चाळीस घरं आपल्या कागदांवर उभी आहेत. त्यांचंही खोटं नाही.

कबूल केलं तर चाळीस घरं, न केलं तर दोन मुली. मला हिशेब येईना.

रविवार, १६ मार्च

मुलाचा फोन. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई, कशाला या लष्कराच्या भाकऱ्या, इकडे ये, खोली तयार आहे. खोली वर्षभर तयारच आहे. सूनबाई मागून म्हणाली, त्यांना नसेल यायचं तर आग्रह नका करू. समजूतदार आहे पोरगी. एकवीसनंतर बघू म्हटलं.

हे असते तर काय म्हणाले असते, याचा दिवसभर विचार केला. पंपघरात तीस वर्षं काढलेला माणूस. म्हणाले असते, गळती कुठे आहे ते सापडलं ना, मग रडतेस काय, पाना घे.

मंगळवार, १८ मार्च

आजोबांकडे गेले. हात मुद्दाम रिकामे ठेवले. मी विचारलं, आता येतं का ऐकू?

"मशीन बंद आहे," ते म्हणाले.

"त्या दिवशीही बंद होतं."

"त्या दिवशी तुमच्या हातात कागद होता."

एवढं बोलून त्यांनी मला स्टूल दिलं. गळ्यातली किल्ली दाखवली. बैठकीत बोलाल का विचारलं, तर म्हणाले, बोलता येत नाही, पण विचारलं तर खोटं सांगणार नाही.

मग समोर गेले. आईने दार उघडलं पण आत ये म्हणाली नाही. मी दारातच उभी राहून सांगितलं, नवा कागद लिहायचा आहे, तू सांग, मी लिहिते. थोरलीने खुर्ची सरकवली. लिहून झाल्यावर वाचून दाखवला. आई ऐकत होती आणि थोरली माझ्या खांद्यावरून वाचत होती. आईने दोन ठिकाणी थांबवलं. कुलूप 'दोन महिन्यांपासून' असं घाला, नाहीतर जन्मापासून वाटेल. थोरली म्हणाली, शेजाऱ्यांचं 'लक्ष आहे' याच्याखाली रेघ मारा. मारली.

लिहिता लिहिता एक गोष्ट कळली. तिने मुकादमाकडे दिवसाची शिफ्ट दोनदा मागितली होती, आठ ते चार, म्हणजे धाकटीला बालवाडीत सोडून कामाला जाता येईल. त्याने दोन्ही वेळा सांगितलं, कोणाचं तरी पत्र आण. पत्र देणारं कोणी नव्हतं. महिनाभर शाळा बुडाली, मुली हातच्या जायची वेळ आली, आणि अडलं होतं एका पत्रावर. आमच्या केंद्रात शिक्का मारलेल्या कोऱ्या पत्रांचा अख्खा गठ्ठा पडलाय.

बुधवार, १९ मार्च

मोठ्या ताई आणि मी लॉन्ड्रीत जाऊन आलो. वाफेत समोरचं माणूस दिसत नाही. मुकादमाने पत्र वाचलं, खिशात घातलं, म्हणाला, एक तारखेपासून आठ ते चार. आधी नाही का सांगायचं? लॉन्ड्रीवाली त्याच्या मागे उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला हसू दाबावं लागलं.

शुक्रवार, २१ मार्च

नीट लिहून ठेवते.

लांबट खोली, लांबट टेबल, पलीकडे तिघं. मधल्या बाई मुख्य, चष्मा साखळीने गळ्यात. अलीकडे आई, थोरली, आजोबा, मोठ्या ताई आणि मी. धाकटी केंद्रात कारकुनांपाशी ठेवली होती.

पलीकडच्यांनी माझा कागद मोठ्याने वाचला. माझं अक्षर आणि परक्याचा आवाज. चार वाक्यं. जिन्यात लिहिताना ती मला खरी वाटली होती. तिथे ती चोरावरच्या आरोपासारखी वाटली. आई टेबलाकडे बघत होती. आपल्याबद्दल लिहिलेलं असं चारचौघांत पहिल्यांदा ऐकणं म्हणजे काय, ते मला तिच्या मानेकडे बघून कळलं. नियम कशासाठी आहे तेही तेव्हाच कळलं, त्याआधी नुसता पाठ होता.

बाईंनी विचारलं, हे कोणी लिहिलं? मोठ्या ताई उठायला लागल्या. मी आधी उठले.

"मी लिहिलं. खरं आहे, पण अर्धं आहे. आमच्याकडे कागद आधी त्या घराला वाचून दाखवतात. ही झोपली होती, मी उठवलं नाही. नंतर तीन दिवस वेळ होता, तेव्हाही गेले नाही. वाचून दाखवला असता तर उरलेलं अर्धं हिने सांगितलं असतं."

बाईंनी चष्मा काढला. "मग तुमच्या केंद्राच्या बाकी कागदांवर आम्ही विश्वास का ठेवायचा?"

कारकुनांची भीती ती हीच. म्हटलं, "घरच्यांची सही असेल त्याच्यावर ठेवा. नसेल तो आम्हाला परत पाठवा. हाही पाठवायला हवा होता तुम्ही."

बाजूचे गृहस्थ खोकले. बाईंनी कागद उलटा करून सहीची जागा बघितली. बराच वेळ बघितली.

मग नवा कागद. मी पुढे करणार तर आईने तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. अडखळत, बोट ठेवून, पण शेवटपर्यंत. खाली तीन सह्या. तिची, थोरलीची, आजोबांची. थोरलीने स्वतःची इतकी मोठी केली आहे की आजोबांना कोपऱ्यात जागा मिळाली.

आजोबांना विचारलं, तुम्ही खरंच पहाटे पाचपासून बसता? त्यांनी गळ्यातली दोरी काढून किल्ली टेबलावर ठेवली. "पाचला मला दुसरं काही काम नसतं," एवढंच म्हणाले.

आम्हाला बाहेर बसवलं. पाऊण तास. थोरली नखं खात होती, आईने तिच्या हातावर एकदा चापट मारली आणि मग तो हात सोडलाच नाही. परत बोलावलं तेव्हा बाईंनी लिहिलेलं आधी आम्हाला वाचून दाखवलं. मुली आईकडेच राहतील. कडी आठवड्यात बसवायची, मालकाला नोटीस कार्यालय देईल. थोरली सोमवारपासून शाळेत. शिफ्ट बदलेपर्यंत धाकटी सकाळी आमच्या केंद्रात. तीन महिने दर आठवड्याला भेट. मग बाईंनी आईला विचारलं, भेटीला कोण यावं, दुसरं कोणी हवं का?

ती माझ्याकडे वळून बघत राहिली. मी मनाची तयारी केली.

"याच येऊ देत," ती म्हणाली. "यांना आता जन्मात विसर पडायचा नाही."

टेबलापलीकडचे तिघंही हसले. जिना उतरताना तिने माझं कोपर धरलं. मला धरायची गरज नव्हती, पण मी सोडवून घेतलं नाही.

एवढ्या वर्षांत मी चार माणसांसमोर उभी राहून बोलले ती आज. चांगली बोलले. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

बुधवार, २६ मार्च

थोरली तीन दिवस शाळेत गेली. आज येऊन म्हणाली, गणित बरंच पुढे गेलंय. मी म्हटलं, आपण गाठू. मला गणित येत नाही, ते तिला नंतर सांगीन.

तक्त्यावरून आमच्या इमारतीचा नंबर काढलाय. खालच्यांचं मिटलं म्हणायचं. तरी काल रात्री भांडी आपटत होती. मोठ्या ताई म्हणाल्या, आता दर गुरुवारी माझं येणं होणार नाही, तुम्हीच या कधी माझ्याकडे. जाईन, आणि त्यांचं स्वयंपाकघर लावून देईन. मुलालाही कळवलं, सध्या येत नाही.

एक गोष्ट शुक्रवारीच लिहायला हवी होती. त्या दिवशी परत आल्यावर केंद्रात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कारकुनांनी स्वतः चहा केला. मोठ्या ताईंनी सगळ्यांसमोर माझं वाक्य पुन्हा सांगितलं, घरच्यांची सही असेल त्याच्यावर विश्वास ठेवा. मी चहा पीत बसले आणि मान हलवली. 'सही नंतर' मी सात तारखेला पहिल्यांदा लिहिलं नव्हतं. माझे आणखी चार कागद तसेच फाईलीत होते. कोणी आजारी होतं, कुठे पाहुणे होते, एकदा माझेच पाय दुखत होते. त्यांत वाईट काही लिहिलेलं नव्हतं. पण वाईट आहे की नाही, ते मी कोण ठरवणार?

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, केंद्र उघडताना मी दारात होते. चारही कागद काढून मोठ्या ताईंच्या टेबलावर ठेवले आणि काय ते सांगितलं. मग पहिला उचलला, त्या घरी गेले आणि बसून वाचून दाखवला.